इष्ट लंडन

बोटीतून उतरणारी माणसं लंडन आजोबांनी जितकी पाहिली, तितकी खुद्द समुद्रानेही पाहिली नसतील. लंडनच्या गोद्या, धक्के, वखारी, गोण्यांवर टेकून विड्या ओढणारे हमाल, उंच टोप्यांचे कारकून, कुणाची तरी वाट पाहत उभ्या राहिलेल्या बायका. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कुणी तरी तीन पायांच्या कॅमेऱ्यामागे काळ्या फडक्यात डोकं खुपसून टिपलेली ही सगळी गर्दी त्यांच्या रोजच्या ओळखीतली होती. शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं हे त्यांना धड सांगता यायचं नाही, पण लंडनच्या अमुक धक्क्यावर डावीकडून तिसरा जो जाड्या उभा आहे तो मुकादम असून त्याचं हाताखालच्या माणसांशी पटत नाही, हे ते छातीठोकपणे सांगत. आणि मुलांनो, या गृहस्थांनी जन्मात लंडन पाहिलेलं नव्हतं. रत्नागिरीजवळचं खाडीकाठचं गाव, मुंबईचा विमानतळ आणि हे बहरीन, एवढाच त्यांचा प्रवास.

तुम्हाला ते अंधूक आठवत असतील. तुम्ही सुट्टीत बहरीनच्या या झिंज वस्तीत आलात की आपल्या इमारतीच्या तळमजल्यावरून एक उंच, वाळलेले, पांढऱ्या दाढीचे आजोबा शुक्रवारची नमाज झाली की वर चहाला यायचे. बसायचे कमी आणि उभे राहायचे जास्त. उभे राहिले की उजवं पाऊल उचलून डाव्या पावलावर ठेवायचे आणि तसेच अर्धा-अर्धा तास गप्पा मारायचे. तुम्ही त्यांना फ्लेमिंगो म्हणायचात आणि त्यांच्यामागे ओळीने तसेच उभे राहून धडाधड पडायचात. त्यांना राग यायचा नाही. ते मोठ्या गंभीरपणे म्हणायचे, "पडनारच. त्याला खानदान लागतो." तुमचे आजोबा सलमाबादच्या ज्या वर्कशॉपमध्ये इंजिनिअर होते, तिथे हे स्टोअरकीपर. त्यांचा मुलगा माझ्याकडे शाळेत भूगोल शिकला, म्हणून सगळं घर मला बाई म्हणायचं. मी त्यांना भाई म्हणायची. लंडन आजोबा हे नाव तुम्ही ठेवलंत, पण लंडनवाले हे त्यांना त्याआधीपासून सगळेच म्हणत. गावी त्यांच्या घरावरच ते कोरलेलं होतं. लंडन मंझिल.

ही मंझिल ज्यांच्यामुळे, ते भाईंचे दादा. त्यांच्या घरात दादा म्हणजे आजोबा, वडिलांचे वडील. हे दादा बोटीवर खलाशी होते. भाईंचे वडील पाळण्यात असताना ते एका सफरीवर गेले आणि परत आले नाहीत. काही वर्षांनी गावचा एक खलाशी आला. त्याने दादीला एक शाल दिली आणि सांगितलं, तुझा नवरा जिवंत आहे, लंडनात राहिलाय, बोलावून घेईल. मग तो खलाशीही पुन्हा सफरीवर गेला आणि बुडाला. दादीने पुढचं सगळं आयुष्य त्या एका निरोपावर काढलं. घरात दादांचा फोटो नव्हता. तेव्हा कुणी काढून घेत नसे. चेहरा कसा होता असं विचारलं की दादी नातवाकडे बोट दाखवायची. "असाच उभा रवायचो, बगळ्यासारखो." भाईंचे वडील तसेच उभे राहत. भाई तसेच. त्यांचा मुलगा बँकेच्या रांगेत तसाच उभा राहतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

तर भाईंचा एवढाच ध्यास होता. लंडनच्या बंदराच्या कुठल्या तरी जुन्या फोटोत, कुठल्या तरी कोपऱ्यात, एका पायावर दुसरा पाय ठेवून उभा असलेला माणूस सापडायला हवा. तो सापडला की दादांना पाहिलं. इंटरनेट नव्हतं तेव्हा ते जुन्या मासिकांतली चित्रं कापून ठेवायचे. इंटरनेट आल्यावर त्यांच्या आनंदाला सीमा राहिली नाही. सलमाबादच्या एका झेरॉक्सवाल्याकडून ते फोटो मोठे करून आणत आणि आपल्या फ्लॅटच्या भिंतीवर चिकटवत. पडदे कायम ओढलेले, कारण उन्हाने फोटो पिवळे पडतील; ते मुळातच पिवळे होते हा मुद्दा त्यांच्यापुढे टिकत नसे. त्या अंधाऱ्या खोलीत शिरलं की चहूकडून शेकडो मेलेली माणसं आपल्याकडे बघतायत असं वाटायचं. भाभी, म्हणजे त्यांची बायको, होती तोवर म्हणायची, "बाई, माझ्या घरात एवढी गर्दी हाय आणि बोलायला एक मानूस नाय."

फोटो पाहण्याची त्यांची एक रीत होती. भिंग घेऊन ते आधी चारी कोपरे पाहत, मग काठाकाठाने आत येत, अगदी शेवटी मध्यभागी. मधली माणसं ऐटीत उभी असतात, दादा तिथे नसणार, असं त्यांचं म्हणणं. प्रत्येक माणसाचे पाय आधी बघायचे, तोंड नंतर. मोजे, बूट, चिखलाने भरलेले तळवे, सगळं बघून झालं की भिंग खाली ठेवायचं, एक सुस्कारा सोडायचा आणि अरबीत निकाल द्यायचा, "मफी." म्हणजे नाही. तुमचे आजोबा त्यांना चिडवायचे, "काय लंडनवाले, आज पण मफी?" तर म्हणत, "साहेब, एवढा मोठा लंडन, एका दिवसात कसा गावेल?" असं म्हणता म्हणता त्यांची सगळी उमर गेली.

या अभ्यासामुळे ते लंडनचे जाणकार होऊन बसले होते. इथल्या बँकेतला एक पुण्याचा मुलगा ट्रेनिंगसाठी लंडनला निघाला, तेव्हा भाईंनी त्याला जिन्यात गाठून रस्ता समजावून दिला. "बंदरावरून सरळ जायचा. कोपऱ्यावर कोळशाची वखार लागेल. तिथं टांगेवाले उभे असतात, त्यातला पांढऱ्या घोड्याचा घे, मानूस बरा दिसतो." मुलगा हसला आणि गेला. परत आल्यावर त्याने मुद्दाम येऊन सांगितलं, "चाचा, त्या कोपऱ्यावर आता कॉफी शॉप आहे." भाई जराही डगमगले नाहीत. म्हणाले, "मंग तू चुकीच्या कोपऱ्यावर गेलास."

त्यांच्या मुलाने एकदा खरोखरच त्यांचं लंडनचं तिकीट काढायचं ठरवलं. आम्हा सगळ्यांना वाटलं, भाई आनंदाने नाचतील. त्यांनी साफ नाही म्हटलं. मी कारण विचारलं तर माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघून म्हणाले, "बाई, आता तिथं ओळखीचा कोन हाय?"

त्यांच्या लंडनच्या गोष्टी मात्र भिंतीवरच्या फोटोंशी कधी जुळायच्या नाहीत. त्या दादीकडून आलेल्या, दादीला त्या बुडालेल्या खलाशाने सांगितलेल्या. दादांच्या लंडनात म्हणे मोठी बोट किनाऱ्याला लागतच नाही. ती लांब समुद्रात उभी राहते आणि माणसांना वेताच्या मोठ्या टोपलीत भरून, दोरीने लोंबकळवत खालच्या होडीत उतरवतात. त्या लंडनात म्हशीची नदी आहे. वारा सुटला की घराघरात वाळू येते. डोंगराकडची माणसं बाजाराला येतात ती लाल चादरी पांघरून. आमच्या मराठी मंडळींच्या तिळगुळाला भाई दरवर्षी यायचे, आणि दरवर्षी कुणी तरी मुद्दाम तो विषय काढायचं. अकाउंटंट, बँकवाले, सगळे लंडनला जाऊन-येऊन असलेले.

"काय चाचा, तुमच्या लंडनच्या म्हशी बऱ्या आहेत ना? दूध किती देतात?"

"मी हीथ्रोला उतरलो तेव्हा टोपली नव्हती हो. रजेवर होती बहुतेक."

भाई हातातला तिळगूळ तसाच धरून शांतपणे म्हणायचे, "तेव्हा व्हती. आता नाव बदलला असेल नदीचा." लोक पोट धरून हसायचे. भाईही हसायचे, पण जरा उशिरा. मुलांनो, त्या हसण्याकडे मला बघवायचं नाही. थट्टा त्यांची होत नसे, दादीची होत असे, आणि ते त्यांना कळत असे.

मग एकेक माणूस उणा होत गेला. आधी भाभी गेली. मग तुमचे आजोबा गेले. मी माझ्या फ्लॅटचं सामान आवरून वरच्या मजल्यावर तुमच्या आत्याकडे राहायला गेले. इमारतीतली जुनी मराठी घरं एकेक करून नोकरी संपली तशी खलास म्हणून निघून गेली, त्यांच्या दारांवर आता दुसऱ्याच देशांतल्या लोकांच्या चपला दिसतात. भाईंचा मुलगा शिफ्टवर जायचा आणि भाई दिवसभर त्या अंधाऱ्या खोलीत. शुक्रवारचा चहा तेवढा आम्ही दोघांनी टिकवला. दोन म्हाताऱ्या माणसांत बोलण्यासारखं फार नसतं. पंख्याचा आवाज ऐकत आम्ही बिस्किटं बुडवायचो.

अशाच एका शुक्रवारी त्यांनी चहाच्या कपाऐवजी साखरेच्या डब्याचा कान शोधायला सुरुवात केली, तेव्हा मला त्यांच्या डोळ्यांचं कळलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की पडदा झिजतोय. ऑपरेशन नाही, चष्मा नाही. आधी मधलं जाईल, मग हळूहळू बाकीचं अंधूक होईल. कुणाच्या तोंडाकडे सरळ बघितलं की तोंडाच्या जागी धुरकट डाग दिसायचा. मान वळवून तिरकं बघितलं तर कडेने थोडं दिसायचं. ते कोंबडीसारखी मान वाकडी करून माझ्याशी बोलत होते. मला हसू आलं आणि लगेच गेलंही.

"बाई," ते म्हणाले, "आता घाई करायला पायजे. दिसतोय तवर दादा गावायला पायजे. तुमी मला वाचून दाखवा. फोटोत कोन कोन हाय ते सांगा. आनि नसेल तर नाय म्हना. मला बरा वाटावा म्हनून हो म्हनू नका."

मी कबूल केलं. मी आयुष्यभर मास्तरकी केली, हो-नाहीत गोंधळ मला खपत नाही, हे त्यांना माहीत होतं.

तेव्हापासून शुक्रवारी मी टॅबवर लंडनच्या गोद्यांचे फोटो शोधून त्यांत काय आहे ते त्यांना सांगू लागले. एका दुपारी बाहेर धुळीचं वादळ होतं. आकाश मातीच्या रंगाचं, खिडक्यांच्या फटींतून बारीक रेती आत येत होती, आणि आम्ही दोघं दिवा लावून बसलो होतो. भाई कपड्यावरची रेती झटकत म्हणाले, "दादी म्हनायची ना, तुजो दादा इष्ट लंडनात वाळू खातो..."

"काय लंडनात?" मी विचारलं.

"इष्ट लंडन. ती नेहमी तसाच म्हनायची. इष्ट म्हंजे दोस्त नाय का? कुना दोस्तासंगती ऱ्हात असेल. नायतर लाडानं म्हनत असेल." आणि स्वतःशीच हसून म्हणाले, "नवरा जिथं गेला त्या गावाला बाई इष्ट म्हनेल का हो? म्हनायची पन."

मी इतकी वर्षं त्यांची कहाणी ऐकत होते, पण हा शब्द त्यांच्या तोंडून कधी आला नव्हता. त्यांच्या लेखी ती दादीची माया होती, पत्त्याचा भाग नव्हता. मी म्हटलं, "भाई, हे इष्ट नाही. ईस्ट. इंग्रजीतलं. पूर्व लंडन. लंडनच्या गोद्या पूर्वेकडेच आहेत!" ते खूश झाले. "म्हंजे आपन बरोबर जागीच शोधत व्हतो की," म्हणाले, आणि बिस्किट खाऊन, भिंतीचा आधार घेत खाली गेले.

ते गेल्यावर मी टॅबवर ईस्ट लंडन, जुनं बंदर, असं इंग्रजीत लिहून पाहिलं. आधी आले ते ओळखीचेच फोटो. आणि मग एक भलतंच चित्र आलं. उघडं, रुंद आकाश. वाळूचा किनारा. दोन टेकड्यांच्या मधून समुद्राला मिळणारी नदी आणि दूर, लाटांच्या पलीकडे, नांगर टाकून उभी असलेली बोट. हे लंडन नव्हे, हे कुणीही सांगितलं असतं. खाली लिहिलं होतं, ईस्ट लंडन, केप कॉलनी, बफेलो नदीचं मुख. दक्षिण आफ्रिकेतलं बंदर. मी भूगोलात आफ्रिकेचा नकाशा काढून घेताना किनाऱ्यावर तो ठिपका मुलांकडून कितीदा भरून घेतला असेल. बफेलो नदी. म्हशीची नदी. मी पुढचं चित्र उघडलं. बोटीच्या काठावरून दोरीला एक मोठी वेताची टोपली लोंबकळत होती, तिला छोटं दार होतं, आणि त्या दारातून टोपी सावरणारी एक बाई घाबरून खाली बघत होती.

मी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या खालच्या खोलीत भिंतभर चिकटवलेल्या माणसांचं आता काय करायचं? इतकी वर्षं एका माणसाने दुसऱ्याच गावात आपल्या आजोबांना शोधलं होतं.

तुमची आत्या ऑफिसातून आल्यावर मी तिला सगळं दाखवलं. ती म्हणाली, "आई, लीव्ह इट ना. या वयात हे कळून त्यांचं काय भलं होणार आहे? शोधू दे त्यांना तिथेच." तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी तो आठवडा फार अस्वस्थपणे काढला. पण डोळ्यांतलं उरलेलं थोडं जे होतं ते चुकीच्या धक्क्यावर खर्च होऊ द्यायचं, हे काही मनाला पटेना.

पुढच्या शुक्रवारी चहा झाल्यावर मी सांगितलं. "भाई, दादांचं लंडन वेगळं आहे. ते विलायतेत नाही, आफ्रिकेत आहे. गावाचं नावच ईस्ट लंडन." मग नदीचं सांगितलं. टोपलीचं सांगितलं. वाळूचं आणि वाऱ्याचंही सांगितलं.

ते उठून उभे राहिले, पण पाय वर उचलला नाही. दोन्ही पाय जमिनीवर टेकून, खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. मला वाटलं, आता हे कोसळतील किंवा माझ्यावर रागावतील.

"म्हंजे टोपली खरी?" त्यांनी विचारलं.

"खरी, भाई. फोटो आहे."

"आनि म्हस?"

"नदीचं नावच ते आहे."

"गाव हसायचा तिला," ते म्हणाले. "बाप पन हसायचा माजा. पोरांसमोर म्हनायचा, अम्मी, टोपलीत भाजी नेतात, मानसं नाय नेत. मंग ती गप बसायची. रातभर मंग मला एकट्याला सांगायची. खरी व्हती हो बाई ती. सगळा खरा सांगत व्हती." आणि ते रडले. तिरकी मान करून रडणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. इतकी वर्षं फुकट गेली याबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही, तेव्हाही आणि नंतरही.

त्यानंतरचे महिने आम्ही त्या दुसऱ्या लंडनात घालवले. मिळतील तेवढे फोटो मी शोधत गेले. लाल चादरींची माणसं सापडली, फोटोत त्या करड्या दिसत असल्या तरी. लाकडी धक्का सापडला, वखारी सापडल्या, बैलगाड्यांची रांग सापडली. भाई टॅब नाकाशी धरून आधी एका डोळ्याच्या कडेने बघायचे, मग दुसऱ्या. मी म्हणायची, "भाई, मधलं मी बघते, तुम्ही दमू नका." तर म्हणायचे, "मधला गेला तो गेला. कडेचा दिसतो अजून. आनि दादा कडेलाच असनार, मोठ्या लोकांत थोडाच घुसेल!"

एकदा खरोखरच कडेला एक माणूस सापडला. उंच, वाळलेला, डोक्याला फडकं गुंडाळलेला, चेहऱ्याची ठेवण बरीचशी भाईंसारखी. भाईंनी माझा श्वास ऐकला. "काय झाला? पाय बघा, बाई, पाय!" मी बघितलं. पाय नव्हते. फोटो त्याच्या गुडघ्यांवर संपत होता. भाई त्या फोटोग्राफरवर इतके चिडले की विचारू नका. "असा कसा फोटो काढतो? जरा मागे सरायला काय झाला व्हता ह्येला? एक पाऊल मागे!" शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या त्या माणसाला त्यांनी मराठी, हिंदी आणि अरबी अशा तिन्ही भाषांत फैलावर घेतलं. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "तुमाला काय वाटतो?" मी म्हटलं, "सांगता येत नाही, भाई." त्यांनी मान हलवली. मी नाही म्हटलं असतं तर त्यांना चाललं असतं, हो म्हटलं असतं तर त्यांनी धरलं असतं. सांगता येत नाही हे मात्र त्यांना फार जड गेलं. ते त्या दिवशी चहा न घेता गेले.

गावाकडच्या पावसाळ्याच्या आधी त्यांच्या मुलाची नोकरी संपली. इथली राहण्याची कार्डं रद्द झाली आणि घर आवरायची वेळ आली. भिंतीवरचे फोटो काढायला मी खाली गेले होते. खऱ्या लंडनचे ते सगळे मुकादम, हमाल, पांढऱ्या घोड्याचा टांगेवाला, आम्ही एकेक सोडवून खोक्यात ठेवले. भिंतीवर जागोजागी फिकट चौकोन उरले. मुलगा म्हणाला, "अब्बा, हे आता फेकून देऊ ना? हे आपले नाहीत." भाईंनी खोक्यावर हात ठेवला. "इतकी वर्सं घरात ऱ्हायले. असा कसा फेकायचा?" ते खोकं आता आत्याच्या पलंगाखाली आहे. ती कुरकुरते, पण तिने फेकलेलं नाही.

गावी गेल्यावर त्यांच्या बहिणीने म्हणे मोठा तमाशा केला. जन्मभर लंडनवाली म्हणून मिरवलेली ती बाई, तिला आता आफ्रिकावाली व्हायचं नव्हतं. घरावरचं नाव बदलायचं नाही म्हणून ती दारात बसली. भाईंनी तिला शांतपणे सांगितलं, "बदलायला कशाला पायजे? लंडनच हाय ते."

त्यांची नजर आता पूर्ण गेली आहे. उजेड आणि अंधार एवढंच कळतं. पण शुक्रवारी दुपारी माझा फोन वाजतो आणि पलीकडून खाडीवरचा वारा ऐकू येतो. मी टॅब उघडते आणि त्यांना ईस्ट लंडन दाखवते. आधी ते फक्त माणसं विचारायचे, पाय विचारायचे. आता वेगळंच विचारतात. पाणी भरतीचं आहे की ओहोटीचं. वखारीचं दार उघडं आहे का. धूर कुठल्या बाजूला जातोय, म्हणजे वारा कसा आहे. मी दिसेल तेवढं सांगते, ते हूं हूं करतात. नवे फोटो मिळायचे थांबले आहेत, हे त्यांना कळलं असणार. मी जुनेच पुन्हा सांगते आणि ते तक्रार करत नाहीत.

गेल्या शुक्रवारच्या आधी मला एक नवा मिळाला. बहुधा आतापर्यंत नजरेतून निसटलेला. मी मुद्दाम त्यांच्यासाठी ठेवून दिला होता आणि फोन येईपर्यंत नीट बघितलाही नव्हता. फोनवर मी म्हटलं, "भाई, आज नवीन आहे." त्यांच्या आवाजात एकदम जीव आला. "सांगा, सांगा. मानसं कोन कोन हायत?"

मी चित्र मोठं केलं. चारी कोपरे पाहिले, काठाकाठाने आत आले, मधोमध पाहिलं. लाकडी धक्का लांबवर गेलेला. ओली वाळू. दोरीने बांधलेल्या दोन होड्या. नदी अगदी शांत, तिच्यात टेकडीची सावली. त्यांना मी शब्द दिला होता. "भाई," मी म्हटलं, "आज कोणीच नाही. धक्का रिकामा आहे."

"एक पन मानूस नाय?"

"एकही नाही."

पलीकडे नुसता वारा.

"मंग जुम्मा असेल, बाई," ते म्हणाले. "दादा आज घरी असेल."

बंदरं कधी शुक्रवारी बंद नसतात, हे मला माहीत आहे. मी म्हटलं, "हो भाई. घरीच असतील."